व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप: लाखभरात कोणता घ्यावा आणि घेतलेला टिकवावा कसा?

कास_पठार
काम मुख्यतः लग्नांचं, अधूनमधून दुकानांच्या छोट्या जाहिराती. कॅमेरा सोनी ए७ मार्क ४, जोडीला आयफोन आणि ड्रोन. टाइमलाइन ४के, २५ फ्रेम. सध्या प्रीमियर, पुढे दाविंची रिझॉल्व्हकडे वळायचा विचार. बजेट एक लाख, फार ताणलं तर सव्वा.

दुकानदाराचं म्हणणं, ‘डोळे झाकून गेमिंग लॅपटॉप घ्या.’ दुसरा म्हणतो मॅकशिवाय एडिटिंग होतच नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, स्क्रीन यांपैकी पैसा नेमका कुठे घालावा? शिवाय वर्षभरात मशीन तापून रडायला लागू नये म्हणून काय करावं? जाणकारांनी सांगावं.

बोरूबहाद्दर
दुकानदार ‘डोळे झाकून घ्या’ म्हणतो तेव्हा त्याचे उघडे असतात. :)

रेंडरबाबा
आधी फूटेज बघा, मग लॅपटॉप. बहुतेक जण उलटं करतात आणि तिथेच फसतात.

टाइमलाइन अडकते ती बहुधा ग्राफिक्स कार्ड दुबळं म्हणून नाही, फाइल डिकोड होत नाही, म्हणजे वेगाने उलगडत नाही म्हणून. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम आणि तिच्यापुढे नुसते बदल, अशी साखळी असते. प्लेहेड मागे ओढला की मशीनला आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं पुन्हा जुळवत यावं लागतं. हे काम करायला चिपमध्ये वेगळा विभाग असतो. फाइलचा प्रकार त्या विभागाला येत असेल तर लोण्यातून सुरी. येत नसेल तर सगळा भार सीपीयूवर, आणि पंखे विमानासारखे.

फोन आणि ड्रोनच्या फाइल बहुधा ४:२:० असतात (रंगाची माहिती किती साठवली याचं हे माप, ४:२:२ मध्ये ती दुप्पट), त्या आजकाल कुठलंही मशीन सहज चालवतं. घोळ आहे १०-बिट (८-बिटपेक्षा कितीतरी जास्त छटांच्या) ४:२:२ चा. एनव्हिडियाच्या ४०-मालिकेपर्यंतच्या कार्डांना तो हार्डवेअरवर येत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला येतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. म्हणून इंटेल घ्या, प्रश्न मिटला.

एसलॉग_सखाराम
बाबा, मिटला नाही. अर्धाच मिटला.

क्विक सिंक ४:२:२ चालवतं ते एच.२६५ चं. एच.२६४ मधलं १०-बिट ४:२:२ इंटेलच्या बहुतेक चिपांनाही येत नाही. धागाकर्त्याचा कॅमेरा ए७ मार्क ४ आहे आणि काम २५ फ्रेमवर. त्या कॅमेऱ्यात एच.२६५ म्हणजे एक्सएव्हीसी एचएस. पाल मोडमध्ये (आपल्याकडचा २५/५० फ्रेमचा) ४के एचएस ५० फ्रेमला मिळतं, २५ ला नाही. मेनू उघडून बघा, २५पी चा पर्यायच दिसणार नाही. म्हणजे २५ वर शूट केलं की फाइल एक्सएव्हीसी एस, अर्थात एच.२६४. आणि १०-बिट निवडलं की ती ४:२:२.

मग वाटा उरतात या:

एक, एक्सएव्हीसी एस-आय. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, साखळी नाही, त्यामुळे मधल्या दर्जाचा सीपीयूसुद्धा ती आरामात खेळवतो. किंमत जागेत मोजावी लागते. ४के २५ ला २५० मेगाबिट, म्हणजे तासाला ११२ जीबी. साधं एक्सएव्हीसी एस १०-बिट १४० मेगाबिटचं, तासाला ६३ जीबी.

दोन, ८-बिट ४:२:०. हलकं आहे, पण एस-लॉग३ मध्ये (सोनीची मुद्दाम फिकट ठेवलेली प्रोफाइल) शूट करून नंतर रंग भरणार, म्हणजे ग्रेडिंग करणार असाल तर संध्याकाळच्या आभाळात पट्टे उमटतील. लॉग न वापरता शूट करत असाल तर चालून जाईल.

तीन, आरटीएक्स ५०-मालिका. एनव्हिडियाने यातच पहिल्यांदा ४:२:२ डिकोड दिलं, एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींना.

चार, प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती. जुनं, कंटाळवाणं, आणि कुठल्याही मशीनवर चालणारं.

रेंडरबाबा
मान्य, सखाराम. २५पी चा मुद्दा सुटला होता. ‘प्रश्न मिटला’ मागे घेतो.

सफरचंद_वाडी
एवढ्या भानगडी करण्यापेक्षा मॅक का नको? एम-मालिकेच्या सगळ्या चिपांना १०-बिट ४:२:२ एच.२६५ हार्डवेअरवर येतं. एम२ पासून साध्या चिपमध्येही प्रोरेसचं (अ‍ॅपलचा एडिटिंगसाठीचा फाइल-प्रकार) स्वतंत्र इंजिन आहे (साध्या एम१ मध्ये नाही, जुना घेताना हे बघा). सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चार्जर काढला तरी वेग तोच. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर आला की ग्राफिक्सची ताकद निम्म्याहून खाली जाते. क्लायंटच्या घरी सोफ्यावर बसून फेरफार दाखवायचे असतील तर हा फरक जाणवतो.

खटपट्या
वाडीकर, हलके घ्या, पण अर्धी गोष्ट सांगितलीत.

लाखाच्या आसपास जे येतं ते मॅकबुक एअर. त्याला पंखा नाही. पाच मिनिटांची रील एक्स्पोर्ट करायला झकास, पण दीड तासाचा लग्नाचा पूर्ण व्हिडिओ नॉइज रिडक्शन लावून रेंडरला टाकला की गरम होऊन वेग उतरतो. रॅम आणि स्टोरेज बोर्डावरच, नंतर वाढवायची सोय नाही. २५६ जीबीची डिस्क ए७ च्या दोन समारंभांत भरते. म्हणजे बाहेरची एसएसडी आलीच, तीही हिशोबात धरा. आणि ‘२० जीबीपीएस’ लिहिलेली यूएसबी एसएसडी घेऊन मॅकला लावलीत तर ती १० वरच चालते, कारण मॅकमध्ये तो २x२ प्रकार नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही.

विंडोज मशीनमध्ये तेवढ्याच पैशात ग्राफिक्स कार्ड आणि नंतर रॅम वाढवायची मुभा मिळते.

सफरचंद_वाडी
एअरबद्दल मान्य. पण १६ जीबीचा एअर आणि १ टीबीची बाहेरची एसएसडी हे छोट्या कामांना अजूनही सगळ्यात कमी कटकटीचं आहे, एवढं बोलून थांबतो. नाहीतर धाग्याचं शतक यावरच व्हायचं.

रंगारी_ताई
सगळे प्रोसेसरवर भांडताय, स्क्रीनबद्दल कोणीच बोललं नाही. लाखाच्या आतल्या गेमिंग लॅपटॉपांमध्ये पैसा वाचवतात तो इथेच.

स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५% एनटीएससी’ लिहिलं असेल तर तो लॅपटॉप एडिटिंगसाठी बाद. याचा अर्थ एसआरजीबीचे (वेब आणि साध्या स्क्रीनचं प्रमाण रंगमाप) साधारण दोन तृतीयांशच रंग दिसतात. त्या स्क्रीनवर शालूचा लाल विटकरी दिसतो आणि हळदीचा पिवळा मेलेला. एडिटर बिचारा सॅच्युरेशन वाढवतो. तोच व्हिडिओ नवरीच्या फोनवर उघडला की शालू पेटल्यासारखा आणि सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे शेंदूर फासलेले. चूक ना कॅमेऱ्याची, ना एडिटरची.

‘१००% एसआरजीबी’ किंवा ‘७२% एनटीएससी’ असे शब्द शोधा, दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. उजेड किमान ३०० निट्स. १४४ की १६५ हर्ट्झ याचा एडिटिंगशी संबंध नाही, त्याचे पैसे देऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन उपप्रकारांत वेगवेगळे पॅनेल येतात, म्हणून नुसतं नाव बघू नका, पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवा.

ओलेड सुंदर दिसतं, पण टाइमलाइन आणि टास्कबार दिवसाचे आठ तास एकाच जागी उभे असतात, त्यांचा कायमचा डाग पडायचा धोका असतो. घेतलात तर टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा.

आणि स्क्रीन चांगली असूनही रंग फसवतात ते सेटिंगमुळे. नाइट लाइट बंद, मॅकवर ट्रू टोन बंद, आपोआप कमीजास्त होणारा उजेड बंद. इंटेल ग्राफिक्सच्या पॅनेलमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कॉन्ट्रास्ट बदलणारी एक सोय चालू असते, तीही शोधून बंद करा. ती बॅटरीवरच जागी होते. त्यामुळे चार्जर लावून बघितलेला शॉट आणि काढून बघितलेला शॉट वेगळा दिसतो आणि माणूस वेडा होतो.

बोरूबहाद्दर
शेंदूर फासलेलं वऱ्हाड! ताई, असे अल्बम घरोघरी आहेत.

गिगाबाईट_गुरव
रॅम आणि डिस्कचं थोडक्यात.

१६ जीबीत ४के सुरू होतं, ३२ मध्ये सुखाने होतं. १६ घेणार असाल तर एकच पट्टी आहे की ८-८ च्या दोन हे विचारा. एकच असेल तर अंगभूत ग्राफिक्स लंगडतं, कारण ते रॅमच वापरतं. पण दुसरा स्लॉट रिकामा असणं पुढे वाढवायला सोयीचं. ‘एलपीडीडीआर’ असं लिहिलेलं असेल तर रॅम बहुधा बोर्डाला चिकटलेली, मग पहिल्याच दिवशी ३२ घ्या.

डिस्क दोन हव्यात. एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर फूटेज आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल). म्हणून दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) आहे का हा प्रश्न चौथ्या पिढीची एसएसडी आहे का यापेक्षा महत्त्वाचा. हिशोब करा: १४० मेगाबिटची फाइल म्हणजे सेकंदाला साडेसतरा एमबी. तीन कॅमेरे एकाच वेळी चालवले तरी साठच्या आत. तिसऱ्या पिढीची एसएसडी सेकंदाला तीन हजारांच्या पुढे वाचते. सात हजारवालीने तुमची टाइमलाइन तसूभरही गुळगुळीत होत नाही.

फसतं ते लिहिताना. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडीचा सुरुवातीचा वेग तिच्या आतल्या छोट्या वेगवान कॅशेचा असतो. २०० जीबीचं फूटेज एका दमात ओतलं की कॅशे भरते आणि वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. मोठी कॉपी करणाऱ्यांनी टीएलसी (तीन बिटवाली) घ्यावी. आणि कुठलीही एसएसडी काठोकाठ भरू नका, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा.

प्रीमियरवाल्यांसाठी: मीडिया कॅशे मुळात सी ड्राइव्हवर साठतो आणि गुपचूप शेकडो जीबी खातो. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशेची जागा दुसऱ्या डिस्कवर न्या आणि ठरावीक दिवसांनी जुना पुसायचा पर्याय चालू करा.

कास_पठार
सगळ्यांचे आभार, एवढं कुठेच एकत्र वाचलं नव्हतं. दोन शंका. डिकोड हार्डवेअरवर होतंय की सीपीयूवर हे ओळखायचं कसं? आणि काही लॅपटॉपांत ‘मक्स स्विच’ म्हणून मिरवतात, ते हवं का?

रेंडरबाबा
टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, त्यात जीपीयू. तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख असतो. टाइमलाइन चालवा. आलेख हलला तर हार्डवेअर काम करतंय. तो झोपलेला आणि सीपीयू ९० टक्क्यांवर असेल तर उत्तर मिळालं. जीपीयू ० आणि जीपीयू १ दोन्ही बघा, एक अंगभूत, एक कार्ड. दुकानात स्वतःची एक क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथेच हे करा. सॉफ्टवेअर नसेल तरी साध्या प्लेअरवर अंदाज येतो.

मक्स स्विच गेम खेळणाऱ्यांच्या सोयीचा. त्याने स्क्रीन थेट ग्राफिक्स कार्डाला जोडली जाते आणि बऱ्याच मशीनांत अंगभूत ग्राफिक्स बंदच होतं. म्हणजे क्विक सिंक गेलं. इंटेल घेऊनही ४:२:२ अडकतंय अशी तक्रार असते तिथे बऱ्याचदा हेच असतं. एडिटिंग करताना हायब्रिड मोड ठेवा.

आणखी एक. ‘आरटीएक्स ४०६०’ एवढ्या नावाला अर्थ नाही. तेच कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत विकलं जातं, पातळ लॅपटॉपात कमी, जाड्यात जास्त. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या हेल्पमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन आहे, तिथे ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ दिसतं. कार्डाची मेमरीही बघा: ४०५० ला ६ जीबी, ४०६० ला ८. रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शनचे दोन नोड (रिझॉल्व्हमधले परिणामांचे टप्पे) लावले की ६ जीबी संपते आणि ‘जीपीयू मेमरी फुल’ची पाटी येते.

एसलॉग_सखाराम
रिझॉल्व्हवर जाणार म्हणालात म्हणून. विंडोजवरच्या फुकट आवृत्तीत १०-बिट फाइल टाकली की बऱ्याचदा नुसता आवाज येतो, चित्र नाही. लोक लॅपटॉपला शिव्या देतात. स्टुडिओ आवृत्ती लागते, ती एकदाच विकत घ्यायची असते, महिन्याचं भाडं नाही. बजेट आखताना ती धरा.

तोवर प्रॉक्सी. मीडिया पूलमध्ये क्लिपा निवडून उजवी क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रकार डीएनएक्सएचआर एलबी आणि रिझोल्यूशन निम्मं ठेवा. तासाच्या फूटेजला वीसेक जीबीच्या आत बसतं. रात्री लावून झोपा. फक्त फुकट आवृत्तीला मूळ फाइलच दिसत नसेल तर प्रॉक्सीही तिथे बनणार नाही, आधी शटर एन्कोडरसारख्या बाहेरच्या साधनाने फाइल बदलून घ्या. आयफोनच्या क्लिपाही तिथूनच काढा, कारण फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही आणि लांब भाषणात ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. बदलताना ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ २५.

चिसौकां
थोडं अवांतर. नवीन मशीनवर प्रीमियर टाकलं की मराठी शीर्षकं तुटतात, ‘दि’ची वेलांटी भलतीकडे आणि ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ मोडलेला. त्यावर उपाय?

रंगारी_ताई
प्रेफरन्सेस, ग्राफिक्स, टेक्स्ट इंजिन, तिथे ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडा आणि प्रीमियर बंद करून पुन्हा उघडा. फॉन्ट युनिकोड हवा. जुन्या लिपी-फॉन्टात टाइप केलेली पत्रिका तशीच चिकटवलीत तर काही निवडून उपयोग नाही, तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो.

चिसौकां
ताई, झालं! ‘दिग्विजय’ एकदाचा सरळ उभा राहिला.

वऱ्हाडी_उन्हाळा
आता निगा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकते, तेव्हा लॅपटॉपचा पंखा आत घेते ती हवाच तापलेली असते भाऊ. कूलिंग पॅडने थोडं होते, जास्त फरक पडते तो मागची बाजू इंचभर उचलल्याने, कारण हवा आत जायची भोकं बुडाला असतात. गादीवर, उशीवर ठेवून रेंडर लावू नका.

एक्स्पोर्टच्या वेळी ९५ अंश दिसले म्हणून घाबरायचं नाही, आजकालचे प्रोसेसर त्यासाठीच बनवलेत. घाबरायचं ते प्रोसेसरचा वेग (क्लॉक स्पीड) कोसळला तर. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची ओळ बघा. उन्हाळ्यापुरता सोपा इलाज: पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा जास्तीचा वेग) बंद होते, तापमान धपकन उतरते, रेंडरला वेळ थोडा जास्त लागते. टाइमलाइन कापताना फरक कळतही नाही.

खटपट्या
वर्षातून एकदा धूळ काढा. बंद करून, चार्जर काढून, मागचं झाकण उघडलं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. मग ब्लोअर. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने गरगर फिरून तो स्वतः वीज तयार करतो आणि बेअरिंगचीही वाट लागते. धूळ पंख्यावर दिसते तेवढीच नसते. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मध्ये नमद्यासारखा थर बसतो, खरा अडथळा तो. घरचा व्हॅक्युम क्लीनर लावू नका, त्याने स्थिर वीज तयार होते.

स्क्रू कागदावर त्याच मांडणीत ठेवत जा. लांब स्क्रू आखूड जागी घातला की वरून हाताच्या पट्टीवर फोड येतो.

थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारा लेप) दोन-तीन वर्षांनी बदला. लिक्विड मेटल असलेल्या मशीनला घरी हात लावू नका, ते वीजवाहक असतं, एक थेंब बोर्डावर सांडला की खेळ खलास. वॉरंटीत असेल तर आधी अटी वाचा.

माडाची_सावली
कोकणातून: पावसाळ्यात धुळीपेक्षा दमट हवा वाईट. एसीच्या खोलीतून गार लॅपटॉप बाहेर काढून लगेच चालू करू नका, अंगावर आणि आतही दव धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू दे. आठवडाभर वापर नसेल तरी दर दोन दिवसांनी तासभर चालवा, आतली ऊब ओल घालवते. सिलिका जेल बॅगेत ठेवा, पण ते वर्षभर तेच ठेवून उपयोग नाही, बदला.

गिगाबाईट_गुरव
बॅटरी. एडिटर लोकांचा लॅपटॉप चोवीस तास चार्जरला असतो आणि बॅटरी १०० टक्क्यांवर गरम होत बसते. फुगते ती अशीच. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायॉसमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते, ती लावा. शूटला जायच्या आदल्या रात्री तेवढी काढा.

टचपॅडची क्लिक जड झाली, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली असं समजून वापर थांबवा. दाबून बसवायचा प्रयत्न नको.

कास_पठार
धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, हे बिघाडाचं लक्षण का?

माडाची_सावली
बहुतेक वेळा अर्थिंग नसल्याचं. अ‍ॅडॉप्टरमध्ये गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांतली किंचित गळती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवी. तीन पिनांच्या प्लगाला दोन पिनांचं जोड लावलं की ती तुमच्या मनगटातून जाते. मंगल कार्यालयात शूटच्या ठिकाणी एक्स्टेन्शन बोर्डही असाच निघतो. बोर्ड बदला.

वऱ्हाडी_उन्हाळा
लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर वाचते, पण अ‍ॅडॉप्टरवर चालणारी मोठी बाहेरची हार्ड डिस्क वाचत नाही. बॅकअप कॉपी होत असताना ती बंद पडली तर फाइल अर्धवट, कधी कधी डिस्कचं अख्खं पार्टिशन दिसेनासं. त्या डिस्कला छोटा यूपीएस द्या. लॅपटॉपला नको.

कास_पठार
मूळ प्रश्नाकडे येतो. दोन मॉडेल हाताशी आहेत. एक: इंटेल आय७, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी, स्क्रीन ४५% एनटीएससी. दुसरं: इंटेल आय५, आरटीएक्स ५०५०, १६ जीबी एक पट्टी, १००% एसआरजीबी, दोन एम.२ स्लॉट. दुसरं पाच हजारांनी महाग. दुकानदार अर्थातच पहिलं पुढे करतोय.

एसलॉग_सखाराम
दुसरं. तुमचं २५पी १०-बिट त्या कार्डावर थेट चालेल, प्रॉक्सीची पाळी क्वचित येईल.

रंगारी_ताई
दुसरं. कारण वर लिहिलंय.

रेंडरबाबा
मी एरवी ४०६० म्हणालो असतो, नुसत्या जोरात ते पुढे असेल. पण तुमच्या कॅमेऱ्याला ५०५० च बरं. आय७ चा मोह सोडा. ड्रायव्हर गेम रेडी नको, स्टुडिओ टाका. उरले पैसे तर १६ ची दुसरी पट्टी, त्याच वेगाची.

सफरचंद_वाडी
दुसरं. (मॅक नाही म्हणून रुसलोय, पण दुसरं.)

कास_पठार
दुसरं पक्कं. शनिवारी क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जातो. पेनड्राइव्ह फॅट३२ असला तरी चालेल ना?

गिगाबाईट_गुरव
४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही. १४० मेगाबिटने चार मिनिटांतच ती मर्यादा येते. एक्सफॅट करून घ्या, आणि काढताना ‘इजेक्ट’ करा.